खुर्चीमागची शांतता

१

माझं काम बोलण्याचं आहे. भाषणं वगैरे नाही. फोन लावल्यावर "कृपया थोडा वेळ थांबा" म्हणत जी बाई आपल्याला ताटकळत ठेवते, पाण्याचा पंप कसा बसवायचा हे जी न चिडता समजावते, कारखान्यात नव्याने लागलेल्यांना यंत्रापासून लांब उभं राहायला सांगते, त्यातली बरीचशी बाई मी आहे. घरातल्याच एका खोलीत बसून मी हे करते. लॅपटॉप, माइक, हेडफोन आणि समोर वाचायचा मजकूर, एवढाच संसार. सासरे म्हणायचे, "आमची सून दिवसभर बडबडते आणि त्याचे तिला पैसे मिळतात. माझ्या बायकोने जन्मभर हेच फुकट केलं."

हे घर आम्ही नव्यानेच भाड्याने घेतलं होतं. आधीच्या घरी भिंतीपलीकडे सुताराचं दुकान होतं, त्याच्या करवतीची लहर सांभाळून मला तोंड उघडावं लागायचं. इथे तसं काही नव्हतं. वरचा मजला रिकामा, खाली चष्म्यांचं दुकान, आणि चष्मे विकण्याइतका शांत धंदा दुसरा नसेल. घराच्या अगदी टोकाला एक अडगळीची खोली होती. तिला खिडकी नाही म्हणून घर दाखवताना मालक ओशाळले होते. मला मात्र ती बघताक्षणी आवडली. भिंतींवर जाड सतरंज्या टांगल्या, एका अंगाला कपड्यांचं कपाट ठेवलं, दाराला आतून जुनी गादी ठोकली. दार लावलं की बाहेरचं सगळं पुसून टाकल्यासारखं व्हायचं.

सासरे, म्हणजे बाबा, दाराबाहेर वेताची खुर्ची टाकून बसायचे. आयुष्यभर त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता. निवृत्त झाल्यावर माझी पहारेदारी त्यांनी स्वतःहून पत्करली. जिन्यावर पाऊल वाजलं की बेल वाजायच्या आत हे दार उघडून ओठांवर बोट ठेवून उभे. पार्सलवाला तर आम्हाला रस्त्यात भेटला तरी कुजबुजत बोलायला लागला होता. नवरा सकाळी शीतगृहात कामावर जायचा तो संध्याकाळीच यायचा. सासूबाई पूर्वीच वारल्या होत्या, त्यामुळे दिवसभर घर आम्हा दोघांचं.

आम्ही तिथे मजेत होतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर लोकांना ते पटत नाही.

२

मी पाठवलेलं ध्वनिमुद्रण जिथे तपासतात तिथे एक बाई आहेत. त्यांना आम्ही आपसांत कानसेन बाई म्हणतो. श्वास कुठे जास्त घेतला, जीभ कुठे टाळूला चिकटली, सगळं त्यांना ऐकू येतं. नव्या घरातलं पहिलंच काम त्यांनी परत पाठवलं.

"तुमच्या मागे भुंगा आहे," त्या फोनवर म्हणाल्या.

"भुंगा?"

"गुणगुण. एकसारखी. विजेची दिसते. हेडफोनचा आवाज वाढवा आणि गप्प बसून ऐका."

ऐकलं. खरंच होता. बारीक, खालच्या पट्टीतला, कुठेही न थांबणारा. मी बोलत असताना शब्दांच्या खाली दडायचा आणि वाक्य संपलं की वर यायचा.

मग आम्ही दोघं त्याच्या मागे लागलो. आधी पंखा बंद केला. भुंगा तसाच. ट्यूबलाइटचा चोक असेल म्हणून ट्यूब काढून साधा दिवा लावला. तसाच. फ्रिज बंद केला, त्यात दूध नासलं. इंटरनेटची डबी लांब नेली, चार्जर बदलून पाहिला, माइकची वायर विजेच्या वायरीपासून सोडवून वेगळी ताणली. बाबांना यात भलताच रस यायला लागला. ते डोळे मिटून हेडफोन लावून बसायचे आणि मी घरभर बटणं बंद करत फिरायचे.

"आता?"

"आहे."

"आता?"

"आहे. पण जरा नरमला."

"बाबा, मी अजून काही बंदच केलेलं नाही."

"मग मनाने नरमला असेल," ते म्हणायचे.

शेवटी लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर चालवून पाहिला. भुंगा थोडा कमी झाला, गेला नाही. याचा अर्थ तो वायरीतून येत नव्हता, भिंतीतूनच हवेत पसरून माइकमध्ये शिरत होता. घराचं वायरिंग जुनं, त्यातच कुठेतरी गोम असणार. वायरमनला फोन केला. तो म्हणाला, हातातलं एक मोठं काम उरकलं की येतो, तोवर भागवून घ्या.

भागवून घ्यायचं म्हणजे काय, ते मला कळेना. काम थांबवणं परवडणारं नव्हतं. मी रोज थोडं थोडं वाचत राहिले, भुंग्यासकट.

३

एका दुपारी जेवणं झाल्यावर मी आगीच्या सूचना वाचायला बसले. मोठं काम होतं ते, एका कारखान्यासाठी पूर्ण मालिकाच करायची होती, आणि हा नमुन्याचा धडा पसंत पडला तरच बाकीचे मिळणार होते. लॅपटॉपवर आवाजाची रेघ उमटत असते. बोललं की ती उसळते, गप्प राहिलं की खाली बसते. आमच्याकडे ती कधी पूर्ण बसायची नाही, भुंग्यामुळे केसाळ सुरवंटासारखी दिसायची. वाचता वाचता माझं लक्ष गेलं, तर दोन वाक्यांच्या मध्ये रेघ साफ झाली होती. ताणलेल्या दोऱ्यासारखी.

भुंगा गेला होता.

मी जपून पुढे वाचत राहिले. धडा संपेपर्यंत एक कण आवाज नाही. हेडफोन काढून बाहेर धावले. "बाबा, काय बंद केलंत?"

बाबा शब्दकोडं सोडवत बसले होते. "मी? काही नाही. का गं?"

आत येऊन ऐकलं तर भुंगा परत हजर.

कानसेन बाईंना तो धडा इतका आवडला की त्यांनी स्वतः फोन केला. "आज जमलं तुम्हाला. आवाज पण किती जवळून येतोय, कानाशी बसून बोलल्यासारखा." मी खुशीत होते, म्हणून त्या शेवटच्या वाक्याकडे लक्ष दिलं नाही. मी माइकपासून नेहमीच्याच अंतरावर बसले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तसंच झालं. मग तिसऱ्याही. शेजारच्या इमारतीतला पंप त्या वेळी बंद होत असेल, असं बाबांचं म्हणणं. ते स्वतः जाऊन विचारून आले. पंप पहाटेच चालतो. मग चष्मेवाल्याचं काच घासायचं यंत्र. तो जेवायला दुकान बंद करतो खरा, पण आमची शांतता त्याच्या दुकानाशी जुळेना. ती जुळायची फक्त माझ्या वाचण्याशी. मी बसले, घसा मोकळा केला, चारसहा ओळी वाचल्या की भुंगा हळूहळू खाली जायचा. खटका दाबल्यासारखा तुटायचा नाही. कुणी बेताने पुढे येत असावं आणि त्याच्या येण्याने तो झाकला जावा, तसा विरायचा. मी थांबले, पाणी प्यायले, उगाच कागद चाळत बसले, की थोड्या वेळाने परत सुरू.

मला त्याची भीती वाटली नाही. चांगल्या गोष्टीचं कारण शोधत बसायचा माझा स्वभाव नाही. सकाळी मी मजकूर नजरेखालून घालायचे आणि दुपारी वाचायचे. त्या वेळी आवाज असा लागायचा की काय सांगू. अडखळणं नाही, घसा बसणं नाही. कुणीतरी मन लावून ऐकतंय असं वाटलं की वाचणाऱ्याचा आवाज आपोआप खुलतो, तसा.

४

स्वस्थ बसवेना ते बाबांना. नदीचा उगम सापडल्याशिवाय नकाशा पुरा झाला असं न मानणारी जात. त्यांनी आपला जुना खिशातला रेडिओ काढला, त्यात नवे सेल घातले आणि दोन केंद्रांच्या मधली मोकळी जागा लावली. "विजेचा गोंगाट यात ऐकू येतो," ते म्हणाले. "आम्ही तरुणपणी शेजारच्याने कुठली यंत्रं घेतली ते यावरून ओळखायचो."

रेडिओ भिंतीजवळ नेला की घुरघुरायचा. बोर्डाजवळ तर कुत्र्यासारखा. बाबांनी खडूची पेटी आणली, आणि मी वाचत असताना ते गुडघ्यांवर रांगत फरशीवर रेघा आखायला लागले. जिथे घुरघुर सारखी तिथून एक रेघ, त्याहून कमी तिथून दुसरी. नकाशात उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषांसारख्या. माझ्या मागे खडू किरकिर वाजत होता, ते ध्वनिमुद्रण वायाच जाणार होतं, पण सासऱ्यांना इतकं रमलेलं मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं, म्हणून बोलले नाही.

वाचून झाल्यावर त्यांनी मला उठवून दाखवलं. रेघा भिंतीपासून निघून खोलीभर ऐसपैस पसरल्या होत्या. फक्त माझ्या खुर्चीच्या मागे त्या एकाएकी एकमेकींना चिकटल्या होत्या, आणि त्यांच्या मधोमध एक कोरी जागा होती, स्टुलाच्या बैठकीएवढी.

"एक लक्षात घे," बाबा म्हणाले. "तू वाचत असतानाही भिंत घुरघुरत होती. बोर्डाजवळ जाऊन बघून आलो मी. म्हणजे भुंगा बंद होत नाही."

"मग?"

"तुझ्यापर्यंत पोचत नाही. अडतोय." त्यांनी कोऱ्या जागेवर खडूने टकटक केलं. "रेषा अशा जवळ आल्या की आम्ही मुलांना सांगायचो, इथे कडा आहे."

"कशाचा?"

बाबांनी हात झटकले. खडूची पूड उडाली. "भूगोलात एवढंच कळतं, पोरी. कुठे आहे ते. काय आहे ते दुसऱ्या विषयात."

आम्ही दोघंही हसलो. फरशी मात्र मी पुसली नाही, आणि खुर्ची सरकवताना तिचा पाय त्या कोऱ्या जागेत जाणार नाही असं बघितलं. का, ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

५

वायरमन आला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. अंगाने चांगला भरलेला, बोलका माणूस. बोर्ड उघडून त्याने टेस्टर लावला, मान हलवली आणि मला जवळ बोलावून दाखवलं. "ही हिरवी वायर बघा, ताई. हिचं काम जास्तीची वीज जमिनीत नेऊन सोडायचं. ही निघतेय इथून आणि भिंतीत जाऊन मध्येच संपतेय. तुटलीय कधीतरी. घरभर अर्थिंगच नाही तुम्हाला. भुंगा येणार नाही तर काय होणार?"

"दुरुस्त होईल?"

"नवी वायर ओढावी लागेल. उद्या सामान घेऊन येतो. मग बघा, मुंगी चालली तरी ऐकू येईल."

मी सहज विचारावं तसं विचारलं, "हा आवाज मधूनच एखाद्या जागी थांबू शकतो का? बाकी सगळीकडे असताना?"

"थांबतो की. मध्ये कोणी आलं की थांबतो." त्याने मला हेडफोन लावायला सांगितले आणि स्वतः भिंत आणि माइक यांच्या मधोमध उभा राहिला. भुंगा थोडा दबला. "कमी झाला ना? माणसाचं अंग पिऊन टाकतं त्याला."

"पण पूर्ण नाही गेला."

"पूर्ण कसा जाईल? मी केवढा, भिंत केवढी." तो हसला आणि हत्यारं पिशवीत भरायला लागला. "सगळाच अडवायचा तर अंग पण तेवढं मोठं पाहिजे."

बाबा दाराशी उभे होते. त्यांनी वायरमनला जिन्यापर्यंत सोडलं, आणि परत येऊन रेडिओ हातात घेतला.

६

दुपारी मी वाचायला बसले. बाबांनी स्टूल आत आणलं. ठरलं होतं ते एवढंच, की मी काही झालं तरी वाचायची थांबणार नाही, आणि ते रेडिओ फरशीवरून वर नेत जातील. काल त्यांनी लांबी-रुंदी मोजली होती, आज उंची.

माझ्या समोर भिंत, लॅपटॉप आणि कागद. मागे काय चाललंय ते मला फक्त ऐकू येणार होतं, म्हणून एका कानावरचा हेडफोन मी वर सरकवून ठेवला.

चारसहा ओळींतच रेघ साफ झाली. मागे रेडिओ घुरघुरत होता, मग गप्प झाला. बाबा कोऱ्या जागेत पोचले होते. थोडा बाजूला नेला की घुरघुर, परत आत आणला की गप्प. असं करत करत ते वर निघाले. गुडघ्याइतक्या उंचीवर गप्प. कमरेइतक्या. माझ्या डोक्याच्या मागे, त्याच्या वर. स्टूल सरकल्याचा आवाज आला. बाबा वर चढले.

मी वाचत होते, "आग दिसताच घाबरून जाऊ नका. आपल्या मागचा रस्ता मोकळा असल्याची खात्री करून घ्या."

रेडिओ अजून गप्पच. छताशी पोचला असेल, असं मला वाटलं, म्हणजे आता तरी शेवट सापडेल. बाबा स्टुलावरून उतरले. मग त्यांचं पाऊल पुढे आलं, माझ्या उजव्या हाताला. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला त्यांचा वर उचललेला हात दिसला. हात पुरेल तितक्या उंचीवरून रेडिओ माझ्या डोक्यावरून पुढे येत होता. हात किंचित बाहेर गेला की घुरघुर. किंचित आत आला की गप्प. काठ चाचपत यावा तसा तो हात येत होता.

मग तो खाली यायला लागला.

वरपासून माझ्या कपाळापर्यंत, गप्प. माझ्या चेहऱ्यावरून बाजूला, माझ्या आणि माइकच्या मधून, गप्प. लॅपटॉपच्या उजेडात बाबांची बोटं मला स्पष्ट दिसत होती, नखांत खडूची पूड होती. रेडिओ माझ्या डाव्या गालाजवळून गेला आणि कानाशी, जिथून मी हेडफोन काढला होता तिथे, थांबला. बाबांनी तो त्याच्या पलीकडे नेला. घुरघुर. अलीकडे आणला. गप्प.

मी वाचत होते. कुठली ओळ ते आठवत नाही, पण आवाज हलला नाही, हे नंतर ऐकून पाहिलं तेव्हा कळलं. वाचता वाचता मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या कानाशेजारच्या रिकाम्या हवेकडे बघत होते, वर्गात नवीन आलेल्या मुलाकडे बघावं तसे. मग त्यांनी रेडिओ हळूच छातीशी घेतला आणि पावलं न वाजवता बाहेर गेले.

मी धडा पुरा केला.

७

स्वयंपाकघरात बाबांनी चहा टाकला होता. आम्ही टेबलाशी बसलो.

"उंच आहे," ते म्हणाले.

"किती?"

"खोलीत मावत नाही. छताशी वाकावं लागतं." त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला होता. "मग तिथून खाली येतं. तुझ्यापर्यंत."

"आई असतील का हो, बाबा?"

"ती? ती माझ्या खांद्याला लागायची. आणि कोणी वाचत असताना ती गप्प बसली असती का?"

मला हसू आलं, आणि हसताना लक्षात आलं की माझे हात गार पडले आहेत. तरीही खरं सांगते, पळून जावंसं वाटलं नाही. चांगलं घर होतं ते. काम मिळत होतं. जे काही होतं त्याने आमच्या केसालाही धक्का लावला नव्हता, उलट माझा आवाज सुधारला होता. घाबरायचं ठरवायला काहीतरी कारण लागतं, आणि मी शोधत होते ते मला सापडत नव्हतं.

"उद्या वायरमन येतो आहे," मी म्हटलं.

"त्याला नको सांगू यायला."

"का?"

"भुंगा आहे म्हणून आपल्याला कळतं. भुंगा थांबला, की ते आलं. भुंगाच गेला तर कशावरून कळणार?" बाबा माझ्याकडे वळले. "असू दे ते. पण कुठे आहे ते माहीत असू दे."

"बाबा, पूर्ण मालिका मिळाली आहे. दिवसभर वाचावं लागेल. दुपारच्या शांततेवर ते व्हायचं नाही. आणि अर्थिंग नसलेल्या घरात राहायचं का आपण? उद्या फ्रिजला हात लावून कोणाला झटका बसला म्हणजे?"

ते उठून कप विसळायला गेले. संध्याकाळी नवरा आला. त्याला आम्ही अर्धंच सांगितलं, म्हणजे वायरीचं. "मग विचार काय करताय, करून घ्या," तो म्हणाला आणि जेवायला बसला. बाबा पानावर मान खाली घालून होते. आमच्यात पहिल्यांदाच काहीतरी अडलं होतं, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी वायरमनने घरभर नवी हिरवी वायर ओढली. मेन स्विच परत वर केला आणि मला हेडफोन दिले. मी ऐकलं. काही नव्हतं. पंखा, फ्रिज, दिवे, सगळं चालू असताना काहीच नाही.

तो गेल्यावर बाबा रेडिओ घेऊन खोल्याखोल्यांतून फिरले. भिंतीशी, बोर्डाशी, दिवाणखान्यात, पलंगाजवळ. कुठेच घुरघुर नव्हती. ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा रस्ता चुकलेल्या माणसासारखा झाला होता.

"सगळीकडे तसंच ऐकू येतंय," ते म्हणाले. "त्या कोऱ्या जागेसारखं."

मी फडकं ओलं करून खोलीतल्या खडूच्या रेघा पुसून काढल्या.

८

मालिका जोरात सुरू झाली. सकाळ, दुपार, केव्हाही बसावं आणि वाचावं. कानसेन बाई खूश होत्या. दुपारी कधी कधी माझा आवाज आपोआप खुलायचा आणि मग मी डावीकडे न बघता वाचत राहायचे. नव्या बैठकीची सवय होते तशी मला त्याची सवय झाली. बाबा दाराबाहेर बसायचे, पण शब्दकोडं तसंच कोरं राहायचं. जेवायला वाढलं की विचारायचे, "आज?" मी म्हणायचे, "काय माहीत." मग आम्ही दुसरं काहीतरी बोलायचो.

एका दुपारी वाचताना हेडफोनमध्ये भुंगा आला.

तोच, जुना. मी थांबले. तो चालूच राहिला. मी पुन्हा वाचायला लागले, दहाबारा ओळी वाचल्या, तरी जाईना. अर्थिंग पुन्हा तुटलं की काय म्हणून उठून दार उघडलं.

बाबा खुर्चीत बसले होते. माळ्यावर टाकलेली जुनी ट्यूब त्यांनी खाली काढली होती, तिच्या किरकिऱ्या चोकसकट, आणि एक्स्टेन्शन ओढून ती दाराशेजारच्या भिंतीला टेकवून पेटवली होती. ट्यूब फडफडत होती. त्यांच्या हातात रेडिओ होता, तो भक्कम घुरघुरत होता. मला पाहून ते चोरी पकडली गेल्यासारखे हसले.

"एकदाच बघायचं होतं. रागावू नकोस."

"सांगायचं तरी. धडा गेला माझा."

"अगं, पण ऐक. भुंगा तुला सलग ऐकू आला ना? मध्ये थांबला नाही?"

"नाही."

"एवढं वाचलंस तरी नाही?"

"नाही म्हटलं ना."

बाबांनी डोळे मिटले. किती दिवसांनी त्यांचे खांदे सैल पडलेले मी पाहिले. "म्हणजे नाही आता तिथे," ते म्हणाले. "तुझ्यापाशी नाही. मला तेवढंच हवं होतं. तुझ्या आईवडिलांनी विश्वासाने पोर दिली आमच्या घरात, आणि मी तिला रोज त्या खोलीत धाडून बाहेर कोडी सोडवत बसायचो. झोप लागत नव्हती मला." आणि ते बोलत राहिले, मनावरचं ओझं उतरलं की म्हातारी माणसं बोलतात तसे, भराभर आणि थोडं हसत. वर्गातल्या मुलांबद्दल, नकाशांबद्दल, एकदा उत्तर दिशा चुकलेल्या सहलीबद्दल.

मी त्यांच्याकडे बघत होते, म्हणून मला कळायला वेळ लागला. ट्यूब फडफडत होती. चोक किरकिरत होता. त्यांच्या हातातला रेडिओ मात्र खाली खाली जात होता. बेताने, विरत. मग गप्प झाला.

बाबांना ते समजलं नाही. ते सहलीच्या गोष्टीत होते. त्यांच्या खुर्चीच्या मागे भिंतीचा पोपडा निघालेला होता, एरवी दिसतो तसाच दिसत होता. छताशी मी पाहिलं नाही. फक्त त्यांच्या डाव्या कानामागचे पांढरे केस, जे कधी एका जागी राहत नाहीत, ते खाली दबून अगदी स्थिर राहिले होते.

मी वाकून ट्यूबचा प्लग काढला. त्यांच्या हातून रेडिओ घेतला आणि त्याचं बटण फिरवून बंद केला.

"का गं?" बाबा म्हणाले.

"झालं ना आता बघून? ठेवते जागेवर."

"ठेव, ठेव. नको आता तो मला." त्यांनी समाधानाने पाय पसरले. "मी काय सांगत होतो?"

"सहल."

"हां. तर मुलं म्हणाली, गुरुजी, सूर्य तर उलटीकडे आहे..."

मी स्टूल ओढलं आणि त्यांच्या डाव्या बाजूला नेऊन ठेवलं, खुर्चीला अगदी लगटून, आणि त्यावर बसले. तिथे मला वाटलं होतं तसं काही लागलं नाही. जरा गार होतं, आणि कानात दडे बसल्यासारखं झालं, तेवढंच. बाबांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. नवरा कामावरून येईपर्यंत ते सांगत होते, आणि मी तिथेच बसून होते.